न चाखलेला रस

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की माझं पोट बिघडतं. बायको म्हणते, उन्हाचं आहे, ताक प्या. नागपुरात काहीही झालं तरी उन्हावर ढकलायची सोय आहे. पण माझं पोट जानेवारीतही बिघडतं, आणि कारण तिलाही ठाऊक आहे.

मी पाळक आहे. शहराच्या जुन्या भागातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सोळा वर्षं सेवा करतो आहे. पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. पुढच्या मेजावर पांढरं कापड, त्यावर भाकरीची ताटली आणि अंगठ्याएवढ्या प्याल्यांचा ट्रे. मी भाकर मोडतो, प्रार्थना करतो, मग मंडळीचे पंच ताटली आणि ट्रे घेऊन बाकांमधून फिरतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढासा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, त्यात काय एवढं. ज्याच्यासमोरून ताटली न थांबता पुढे गेली, त्याला विचारा.

ती भाकर आणि तो रस मामा करायचे. सगळी मंडळी त्यांना मामाच म्हणायची. एका वसतिगृहाच्या मेसमध्ये त्यांनी जन्मभर शेकडो मुलांच्या पोळ्या लाटल्या होत्या. निवृत्त झाल्यावर हाताला काम हवं म्हणून हे अंगावर घेतलं. शुक्रवारी काळे मनुके भिजत घालायचे, शनिवारी दुपारी उकळून मलमलच्या फडक्यातून पिळून काढायचे. मीठ नाही, तेल नाही, अशी घट्ट कणीक मळून मंद आचेवर भाकर भाजायची. एक मला मोडायला अख्खी ठेवायची, बाकीच्यांचे कात्रीने तुकडे करायचे. मी शनिवारी घरभेटी संपवून स्कूटर त्यांच्या दारात लावायचो, तेव्हा नेमका रस निवत असायचा. मामा दोन चमचे काढायचे. एक स्वतःला, एक मला. डोळे मिटून चाखायचे आणि म्हणायचे, "जमला." मीही "जमला" म्हणायचो. त्यानंतर मामी चहा ठेवायच्या. सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, मी तीन वर्षं ग्रीक शिकलो, त्यातलं फारसं काही आता आठवत नाही. तो चमचा मात्र आठवतो.

मामांना एकच मुलगी. तिचं एका हिंदू मुलाशी जमलं. मुलगा उमरेडचा, विणकरांच्या घरातला, शिकलेला, सरळ. त्याच्या घरच्यांनी लग्न त्यांच्या पद्धतीनं ठरवलं आणि कन्यादानाला मामांना बोलावलं. तेव्हा मामा माझ्याकडे आले. माझ्या व्हरांड्यात बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"पाळकसाहेब, जाऊ का मी?"

मंडळीचा नियम आम्हा दोघांनाही पाठ होता. मुलांचं लग्न मंडळीबाहेरच्या विधीनं झालं आणि आईवडील त्या विधीला बसले, तर सहा महिने प्रभुभोजन बंद. सहा महिन्यांनी पंचांनी ठराव करून पुन्हा मेजावर घ्यायचं. नियम मी येण्याच्या कितीतरी आधीचा होता.

मामा म्हणाले, "लेकीचा हात दुसऱ्याच्या हातात द्याले बाप नाही तर कोण उभा राहीन?"

मी म्हणालो, "जा, मामा. बाप आहात तुम्ही. मी बघतो."

हे मी म्हणालो. स्वच्छ मराठीत, दिवसाउजेडी, माझ्या स्वतःच्या व्हरांड्यात. वर त्यांच्या खांद्यावर हातही ठेवला. त्या वर्षी मी रविवारी रोजच्या जगण्यातल्या विश्वासावर प्रवचनं करत होतो. लोक म्हणायचे, पाळकसाहेब, यंदा मस्त चाललंय. त्या दिवशी मामांना पाठवल्यावर मलाही वाटलं, आपलं मस्त चाललंय.

लग्न दिवाळीनंतर झालं. दोन दिवसांत मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप आली. मामा पाटावर बसलेले, कपाळाला कुंकू, मुलीच्या हातावर पाणी सोडताना. मामींना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं, त्या बाजूच्या खुर्चीवर होत्या, म्हणून क्लिपमध्ये नव्हत्या, म्हणून सुटल्या. आमचा न्याय असा मोबाइलच्या चौकटीएवढा होता.

चर्चच्या मागच्या खोलीत पंचांची सभा बसली. पाच पंच आणि अध्यक्ष मी. मामांना समोर उभं केलं. ज्येष्ठ पंचांनी विचारलं, "नियम माहीत होता?"

"हो जी."

"मग कोणाले विचारून गेले?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदावर तारीख लिहीत होतो. तारीख लिहायला किती वेळ लागतो? मी ती दोनदा लिहिली. बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी जा म्हटलं, हे एक वाक्य. पण त्याच महिन्यात इथल्या सेवेची माझी मुदत वाढवायची की नाही हे ठरायचं होतं, आणि त्या पाचांतल्या तिघांना मी तसाही फार ढिला वाटत होतो. मी वर पाहिलं नाही.

"कोणालेच नाही," मामा म्हणाले. "माह्या मनानं गेलो."

ठराव झाला, मी सही केली. बाहेर पडताना मी त्यांना गाठलं आणि काय बोलावं हे न सुचून विचारलं, भाकरीचं कसं करायचं, दुसऱ्या कुणाला सांगू का? आजही तो प्रश्न आठवला की कानशिलं तापतात. मामा म्हणाले, "काहून? शिक्षा तोंडाले झाली ना जी. हाताले कुठं झाली?"

तेव्हापासून सहा पहिले रविवार गेले. डिसेंबर ते मे. मामा शनिवारी भाकर भाजायचे, रस काढायचे, रविवारी सर्वांच्या आधी येऊन मेज मांडायचे आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे. ताटली त्यांच्यासमोर यायची आणि पंच ती उचलून पुढच्याला द्यायचे. पहिल्या महिन्यात मामीही घेईनात, तेव्हा मामांनी त्यांना कोपरानं ढोसलं. मी मेजामागे उभा राहून हे सगळं पाहायचो आणि त्यांनी केलेली भाकर खायचो. माझ्या घशाखाली ती उतरायची, हे लिहिताना लाज वाटते, पण उतरायची. नाताळातही उतरली. शनिवारी त्यांच्याकडे जाणं मी बंद केलं. घरभेटी वाढल्या आहेत असं मी त्यांना कळवलं, आणि त्या खरंच वाढवल्या. बेसा भागातल्या नव्या फ्लॅटमधल्या प्रार्थना, कळमेश्वरला बदलून गेलेलं कुटुंब, कुणाचं बारसं, कुणाची बायपास. माणूस पळायला लागला की त्याला पुण्यकर्मंच पुण्यकर्मं सापडतात.

मे संपला, सहा महिने भरले. आता फक्त एक सभा आणि दोन ओळींचा ठराव. पण सुट्ट्या होत्या. एक पंच पुण्याला लेकीकडे, दुसरे परिषदेला, तिसऱ्यांना ऊन लागलेलं. सभा भरली नाही. मी फोन फिरवून तोंडी होकार घेऊ शकलो असतो. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. एका महिन्यानं काय होतं?

जूनच्या पहिल्या रविवारी मामा शेवटच्या बाकावर नव्हते. मी दचकून शोधलं, तर ते उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर, त्यांच्या जुन्या जागी बसलेले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. त्यांनी महिने मोजले होते. कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं की सभाच झाली नाही. सांगायचं काम माझं होतं.

ताटली तिसऱ्या बाकापाशी आली. मामांनी दोन्ही हात पुढे केले, उजव्याखाली डावा. पंच थांबले. त्यांनी मान वळवून मेजाकडे, माझ्याकडे पाहिलं. नजरेनं विचारलं, घेऊ देऊ का?

मी मान हलवली. नाही. इतकी बारीक हलवली की पहिल्या बाकावरच्यांनाही कळलं नसेल. पण मामा माझ्याकडेच बघत होते.

ताटली पुढे गेली. ते हात लगेच खाली गेले नाहीत. एखाद्या माणसाला हाक ऐकू आल्यासारखी वाटते आणि तो थांबतो, तसे ते थोडा वेळ तिथंच राहिले. मग मामांनी ते मांडीवर ठेवले. कूलरची घरघर चालू होती, कुणीतरी खोकलं, आणि मी पुढची प्रार्थना म्हटली.

आराधना संपल्यावर मी मुद्दाम मागच्या खोलीत रेंगाळलो. मामा तिथंच प्याले धूत होते. म्हणाले, "सलाम, पाळकसाहेब." आमची माणसं भेटली की सलाम म्हणतात, तेवढंच. मी सभेचं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, "रस जमला होता का?"

"जमला होता की. का?"

"सहा महिने झाले, चाखून नाही पाहिला. घरी बी नाही. बंद म्हणजे बंद, नाही का? आता अंदाजानंच करून राहिलो."

मला हे ठाऊक नव्हतं. सहा महिने तो माणूस त्या पातेल्यासमोर उभा होता आणि चमचा तोंडाला लावत नव्हता. मी, सेमिनरीत शिकलेला, या गोष्टीपर्यंत पोचलोही नव्हतो.

त्याच आठवड्यात, बुधवारी, मामांना अर्धांगवायूचा झटका आला.

दुपारी चारच्या भेटीच्या वेळेला मी दवाखान्यात गेलो. आजाऱ्यांकडे प्रभुभोजन न्यायची माझी लाकडी पेटी आहे, ती घेतली. रविवारची उरलेली भाकर आम्ही टाकत नाही. मामांनीच ती फडक्यात बांधून कपाटात ठेवली होती, ती घेतली. रसाची लहान बाटली आमच्या फ्रिजमध्ये होती. कुठल्याही पंचाला फोन केला नाही. जे मला सगळा वेळ करता येत होतं ते मी त्या दिवशी केलं, आणि ते किती सोपं होतं हे पाहून मला स्वतःची किळस आली.

वॉर्डात मामींनी स्टूल रिकामं करून दिलं. मामांची उजवी बाजू गेली होती, नाकात नळी. मी पेटी उघडली तशी सिस्टर आली. म्हणाली, "तोंडानं काही द्यायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. गिळता येत नाही त्यांना, श्वासात जाईल."

मी तुकडा हातात धरून उभा राहिलो. सात महिने ज्याला देता येत होता त्याला दिला नाही, आणि आता घेऊन आलो तर त्याच्या घशाचं दार बंद. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सगळं बोललो. मीच जा म्हटलं होतं, मी सभेत गप्प बसलो, रविवारी मान मीच हलवली. हे सगळं त्यांना माहीत होतंच. माझं मलाच ते मोठ्यानं ऐकायचं होतं.

मामांनी डावा हात उचलला. मला वाटलं, भाकर मागतात. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात माझ्याच तोंडाकडे ढकलला. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. "तुम्ही... घ्या."

मी खाल्ली. चार दिवसांची वाळकी भाकर, चावताना आवाज होत होता. मामा टक लावून पाहत होते. मग बाटलीतला रस प्यालो. त्यांचे ओठ पुन्हा हलले.

"जमला?"

रस उतरला होता. जूनचा उकाडा आणि आमचा म्हातारा फ्रिज. जिभेला आंबट चिरमिर लागली.

"जमला, मामा," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. सोमवारी गेले.

कबरस्तानात शवपेटीला खांदा द्यायला जावई पुढे आला. उमरेडहून त्याचे वडीलही आले होते. ज्या पंचांनी सभेत क्लिपवर बोट ठेवलं होतं तेच बाजूला सरकले आणि त्यांना जागा करून दिली. मी शेवटची प्रार्थना केली. माती लोटून झाल्यावर मामी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमचं नाव त्याईनं घेऊ नाही दिलं. लग्नाच्या आधीच मले सांगितलं होतं का पाळकसाहेब जा म्हणले. सभेनंतर म्हणे, आता हे कोणाले सांगू नको. पाळकसाहेबाची लेकरं लहान आहेत."

म्हणजे इतके महिने मामींनाही ठाऊक होतं. माझ्या हातून आशीर्वादलेली भाकर त्या दर महिन्याला घेत होत्या, आणि घेताना मान खाली घालत होत्या. मला वाटायचं, दुःखानं घालतात.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी भाकर मोडण्याआधी सगळं मंडळीसमोर सांगितलं. त्यात शौर्य काही नव्हतं. माझी मुदत तोवर वाढली होती, आणि मेलेल्या माणसाची बाजू घेतली म्हणून कुणी दंड करत नाही. मी म्हटलं, जो नियम मामांना लावला तो मला लावा. पंचांची सभा बसली. नियमांची वही काढली. ज्येष्ठ पंच चष्मा पुसत म्हणाले, पाळकाला प्रभुभोजन बंद करायची तरतूद यात नाही. चर्चच्या पायऱ्यांवर दुसरे एक पंच मला म्हणाले, "बोलाची काय गरज होती जी? लोक विसरून राहिले होते."

मग मी स्वतःच ते बंद केलं. मनुके मी भिजवू लागलो, भाकर मी भाजू लागलो, मेजामागे उभा राहून सगळ्यांना वाटू लागलो, आणि ट्रे परत आला की त्यावर कापड टाकू लागलो. रस चाखत नव्हतो. बंद म्हणजे बंद. डिसेंबरात सहा महिने भरले, तेव्हा लक्षात आलं की आता ठराव कोण करणार? ज्यांनी बंदी घातलीच नाही ते ती उठवणार कशी? माझा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता. सातवा महिना गेला, आठवा गेला, दीड वर्ष झालं. खरं सांगतो, त्यात मला बरं वाटू लागलं होतं. शनिवारी पातेल्यासमोर उभा राहिलो की मामा मागे उभे आहेत असं वाटायचं. घरात कुणी नसताना मागून प्रश्न यायचा, जमला? मी वळून बघायचो नाही. उत्तरही द्यायचो नाही. मला वाटायचं, हेच माझं भोगणं, आणि ते मी नीट भोगतो आहे.

मागच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मामी मागच्या खोलीत आल्या. मी प्याले धूत होतो. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या, गुडघे आता फारच दुखतात.

"पाळकसाहेब, रस चाखत नाही ना तुम्ही?"

"नाही."

"मले वाटलंच. वर्षभर पाहून राहिली मी. पाणचट होते तो. मनुके कमी, पाणी जास्त."

"कुणी बोललं नाही मला," मी म्हणालो.

"पाळकाले कोण बोलन? लोक पितात आन घरी जातात." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते अंदाजानं करत होते तरी त्याईचा हात बसला होता. तुमचा कुठं बसला आहे? चाखून पाहत जा." आणि दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाल्या, "त्याईनं तुमाले घ्या म्हटलं होतं. मी होती ना तिथं."

मी नळ चालूच ठेवून उभा राहिलो. दीड वर्ष मी लोकांना पाणी पाजत होतो आणि स्वतःला शिक्षा भोगणारा समजत होतो. मामांचा न चाखण्याचा नियम मी उचलला होता, त्यांचं काम मात्र मला येत नव्हतं, आणि ते शिकायची माझी तयारीही नव्हती. त्यांना ती बंदी दुसऱ्यांनी घातली होती. मी माझी स्वतःच घातली होती आणि तिच्या सावलीत आरामात बसलो होतो. मला मामींचा राग आला, अगदी खरा राग, घरी पोचेपर्यंत टिकला. मग उरला नाही.

काल शनिवार होता. मनुके उकळले, फडक्यातून पिळले. बायको बाजारात गेली होती. स्वयंपाकघरात मी एकटाच, रस निवत होता, आणि सवयीनं माझ्या हातांनी दोन चमचे काढले. एक ओट्यावर ठेवला. दुसरा बुडवला. उचलताना थोडा रस शर्टावर सांडला. डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला.

पाणी. गोडसर, फिकट पाणी.

मागून नेहमीचा प्रश्न आला, जड जिभेचा, दवाखान्यातल्या त्या दुपारचा. जमला?

"नाही, मामा," मी म्हणालो, "नाही जमला," आणि डबा काढून आणखी दोन मुठी मनुके पातेल्यात टाकले आणि गॅस पुन्हा पेटवला.